लगद्याचा ग्रिफिन: कामाच्या नोंदी (जून ते ऑगस्ट २०२५)

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या बालविभागात १५ ऑगस्टपासून ‘देशोदेशीचे काल्पनिक प्राणी’ हे प्रदर्शन भरणार आहे. त्यातला ग्रिफिन, म्हणजे अर्धा गरुड आणि अर्धा सिंह, माझ्या वाट्याला आला. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. कागदाच्या लगद्याचे मुखवटे आजवर पुष्कळ केले, पण साडेतीन फुटी, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा प्राणी पहिल्यांदाच करतेय, आणि तोही कोकणात, ऐन पावसाळ्यात. माझे जे दिवस वाया जातील ते निदान पुढच्या माणसाचे वाचावेत, म्हणून या नोंदी. वाचनालयाने ५,००० रुपये दिलेत.

८ जून, रविवार

आज फक्त कागदावर काम. गरुडाचं डोकं आणि पंख, सिंहाचं धड, एवढंच डोक्यात धरून बसले होते. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवर असतो तशी बैठक घेतली: मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे पंजे उगारलेले, पंख पसरलेले. रुबाबदार दिसतो.

पहिली चूक इथेच झाली. चारही पाय मी सिंहाचे काढले. ढालींवरची चित्रं जवळून पाहिली तेव्हा कळलं की ग्रिफिनचे पुढचे पाय गरुडाचे असतात, खवल्यांचे आणि नख्यांचे. चारही पाय सिंहाचे असलेल्या प्राण्याला त्या ढालींच्या शास्त्रात वेगळं नाव आहे, ओपिनिकस. म्हणजे दिवसभर बसून मी दुसराच प्राणी काढला होता. चित्र दुरुस्त केलं.

डोक्यावर ताठ कानही दिसत होते. ते मी गाळले. गरुडाला कुठे बाहेर कान असतात, असा विचार केला.

१२ जून, गुरुवार

सांगाडा. १२ मिलिमीटरच्या प्लायचा अडीच बाय दोन फुटांचा तुकडा (४२० रुपये). त्यावर लोखंडी पट्टी आणि तिला जोडलेल्या ८ मिलिमीटरच्या सळ्या. सळ्या आणि वेल्डिंग मिळून ९५०. वेल्डिंगवाल्याने विचारलं, वजन किती येणार? मी अंदाजाने सहा किलो सांगितलं. ओल्या लगद्याचं वजन सुक्याच्या कितीतरी पट असतं, हे त्या वेळी लक्षातच आलं नाही.

१५ जून, रविवार

कोंबडी जाळी (३६० रुपये) सळ्यांवर गुंडाळून धड, मान, डोकं घडवलं. दिवस छान गेला. संध्याकाळी पंखांच्या चौकटी बांधल्या आणि अख्खं धूड तोंडावर आपटलं. प्लायला मागून पाट्याचा दगड लावून पुन्हा उभं केलं, तर रात्री पुन्हा पडलं. या खेपेला उजव्या पायाचं वेल्डिंगच तुटलं.

कारण साधं आहे. डोकं, छाती, पंख, उगारलेले पाय, सगळा भार पुढे. आणि टेकायला मागचे दोन पाय. ढालीवरच्या चित्राला तोल सांभाळावा लागत नाही. दगडात किंवा लाकडात कोरणारे शेपटीचा नाहीतर ढालीचा टेकू देतात. माझ्याकडे तसा टेकू नव्हता.

१७ जून, मंगळवार

बैठक बदलली. आधार घेतला तो इटलीत पिसा शहरात असलेल्या ब्राँझच्या ग्रिफिनचा. तो ११व्या-१२व्या शतकातला, इस्लामी जगातल्या कारागिरांनी ओतलेला, आतून पोकळ. १८२८ पर्यंत तिथल्या कॅथीड्रलच्या छपरावर ऊन-पाऊस खात उभा होता, आता संग्रहालयात आहे. चारही पाय जमिनीवर, मान ताठ, पंख आखूड आणि वर उचललेले. उंची १०७ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. मला हवी तेवढीच! ते वाचून फार बरं वाटलं.

सांगाडा पुन्हा वेल्डिंगला. ४०० रुपये आणि तीन दिवस. कुणी करणार असेल तर पहिल्याच दिवशी चार पायांची बैठक घ्या.

पंख ठेवायचे की नाही, यावरही एक दिवस घातला. बिनपंखांचे ग्रिफिन खरोखर आहेत. ग्रीसच्या क्रीट बेटावर नोसॉसचा प्राचीन राजवाडा आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० साली खणायला घेतला, तिथे सिंहासनाच्या दोन्ही अंगांना भिंतीवर ग्रिफिन रंगवलेले आहेत. त्यांना पंख नाहीत. डोक्यावर पिसांचा तुरा आणि शांत बसलेले. मोह झाला, कारण पंख गेले असते तर अर्धं काम वाचलं असतं. पण बालविभागातल्या मुलांना पंखांशिवाय ग्रिफिन दाखवायचा, हे मनाला पटेना. पंख ठेवले, फक्त आखूड केले.

२२ जून, रविवार

लगदा. रद्दी तीन दिवस भिजवली, उकळली, जुन्या मिक्सरमधून काढली, फडक्यात घालून पिळली. प्रमाण असं: पिळलेला लगदा दोन वाट्या, खडू पावडर एक वाटी, फेव्हिकॉल अर्धी वाटी, मेथीची पूड दोन चमचे. मेथी कशाला, असं भाची विचारत होती. माझी आजी लगद्याच्या टोपल्या करायची, त्यात मेथी असायचीच. कीड लागत नाही आणि लगदा चिकटून येतो. आधी जाळीवर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर दिले. खळीत चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे खळ शिजवायला स्वयंपाकाचं भांडं अजिबात घेऊ नका आणि हातमोजे घाला.

३ जुलै, गुरुवार

बुरशी. मानेला जाडी यावी म्हणून मी एकदम इंचभर लगदा थापला होता. वरून सुकल्यासारखा लागत होता. आज बोट दाबलं तर आत रुतलं, आणि वास आला. सुरी घालून पाहिलं: आत हिरवट-काळे ठिपके. अख्खी मान खरवडून काढली. दहा दिवसांचं काम पाऊण तासात बादलीत गेलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

उपाय: पाव इंचापेक्षा जाड थर द्यायचा नाही. एक थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही. आमच्या हवेत त्याला तीन ते चार दिवस लागतात. लगद्यात बोरिक पावडर घातली. पोटाखाली जाळीला भोक ठेवून आत शंभर वॅटचा पिवळा बल्ब सोडला (वायर, होल्डर धरून १७० रुपये). बल्ब कागदाला टेकणार नाही अशा बेताने तारेच्या पिंजऱ्यात बांधला, आणि तो लावून घराबाहेर कधी गेले नाही. याने सगळ्यात जास्त फरक पडला. पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

आजची नोंद मोठी आहे, कारण या कामातलं मला सापडलेलं खरं गुपित आजचं आहे.

नवी मान बसली. छातीपर्यंत पक्षी, तिथून मागे सिंह, मधे बरगडीवरून एक रेघ. शेजारच्या आळीत नानांचा गणपतीचा कारखाना आहे, ते संध्याकाळी डोकावले. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, हे दोन जनावरं करवतीने कापून जोडल्यासारखं दिसतंय.”

मला ते दिवसभर खुपत होतंच, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नव्हतं. नाना म्हणाले, “गणपतीची मान कधी नीट बघितलीत का?”

त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. दोन फुटी शाडूची मूर्ती, अजून रंगाचा हात नाही. नानांनी ओल्या बोटाने कानापासून पोटापर्यंत एक ओळ काढून दाखवली. “मान केलेलीच नाही. माणसाच्या मानेवर हत्तीचं डोकं ठेवलं तर मुखवटा घातल्यासारखं दिसेल. म्हणून खांदे रुंद घ्यायचे. सांध्यावर कान येतात. कानांच्या खाली हार. हाराच्या खाली उपरणं. आणि हे पोट बघा, हे पोट माणसाचं नाही, हत्तीचंच आहे. हत्ती डोक्यापाशी थांबवायचाच नाही, खाली पोटापर्यंत न्यायचा. आणि माणूस वर चढवायचा. डोळे बघा, हत्तीचे आहेत का?”

नव्हते. चाळीस वर्षं मी गणपती काढतेय आणि मुलांकडून काढून घेतेय, पण डोळे माणसाचे आणि पोट हत्तीचं, हे असं कधी पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन पिसाच्या ग्रिफिनचे फोटो पुन्हा काढले. तिथेही तेच! त्या कारागिराने मान आणि छातीवर पिसांचे खवले कोरलेत. पण पक्षी संपून सिंह सुरू होतो त्या पाठीवर चक्क झुलीसारखी वर्तुळांची नक्षी घातलीय, काठाने कुफी या जुन्या अरबी लिपीत शुभेच्छा. सांधा झुलीखाली गेला. नानांच्या हार-उपरण्याचं काम तिथे झूल करते.

रात्री ठरवलं: सांधा एका रेघेवर ठेवायचा नाही, हातभर पसरवायचा. सिंहाच्या खांद्याचा फुगीर स्नायू पुढे पक्ष्याच्या छातीखाली नेला. पिसं मागे कमरेपर्यंत जातील आणि जाताना लहान, अरुंद होत जातील. बरगडीवरची रेघ तासून टाकली.

१३ जुलै, रविवार

पुढचे पाय. पक्ष्याचे पाय काटकुळे, आणि अर्धा भार त्यांच्यावर. सळी उघडी दिसेल इतके बारीक करून पाहिले, तर सबंध प्राणी आजारी वाटायला लागला. पाय जाड केले आणि गुडघ्यापर्यंत पिसांची विजार घातली. काही गरुडांना खरोखर अशी पिसं पायांवर असतात. नख्या एमसीलच्या, आत खिळा. एमसील दोन पाकिटं १६०. एमसील घट्ट होण्याआधी त्यावर पाण्याचं बोट फिरवलं की नखीला छान चकाकी येते.

१८ जुलै, शुक्रवार

पिसं. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद यासाठी उत्तम. जाड, पण वळतो. कात्रीने पानाच्या आकाराचं कापायचं, मधली शीर रिकाम्या बॉलपेनने दाबून उठवायची, कडांना तिरके काप द्यायचे. कापलेलं पीस बोटावर घेऊन हलकेच वाकवलं की आपोआप पन्हळीसारखं होतं आणि अंगावर बसतं. एका तासात साधारण पंचेचाळीस होतात. माझी एकूण ६४० लागली. भाचीने त्यातली निम्मी कापली. काही पिसांच्या पोटाला अजून ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ दिसतं.

इथली चूक: मी मानेकडून सुरुवात केली आणि खाली येत गेले. नव्वद पिसं चिकटवल्यावर लक्षात आलं की प्रत्येक खालचं पीस वरच्याच्या डोक्यावर बसतंय. सगळी उपटली. छपरावर कौलं कशी चढवतात? वळचणीकडून सुरुवात, आढ्याकडे शेवट. पिसंही तशीच, शेपटीच्या बाजूने सुरू करून डोक्याकडे न्यायची. कौलारू घरात जन्म काढूनही मला हे नव्वद पिसं वाया गेल्यावर सुचलं.

मागच्या भागाला केस हवे होते. काथ्या लावून पाहिला, पायपुसण्यासारखा दिसला. मग ताग आणला (१८० रुपये), कंगव्याने विंचरला, तो बसला. कमरेजवळच्या शेवटच्या पिसांच्या खालून तागाचे झुपके बाहेर काढले, म्हणजे पीस कुठे संपलं आणि केस कुठे सुरू झाले ते बोट ठेवून सांगता येत नाही. नानांना बोलावून दाखवलं. त्यांनी मागून-पुढून हात फिरवला आणि “आता एक जनावर झालं” म्हणाले.

२३ जुलै, बुधवार

रंग. सगळे सोनेरी करतात, म्हणून मीही सोनेरी डबा आणला होता. परत केला. त्यामागे कारण आहे.

इ.स.पू. ४००च्या सुमाराला क्तेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या राजदरबारी होता. भारतात तो कधी आला नाही. दरबारात ऐकलेलं भारताचं वर्णन त्याने लिहून ठेवलं. त्यात ग्रिफिन आहेत, आणि ते आपल्याकडचे म्हणून सांगितलेत: डोंगरात सोनं असतं तिथे राहणारे चार पायांचे पक्षी, लांडग्याएवढे, पाय आणि नख्या सिंहासारख्या, अंगभर काळी पिसं, छाती मात्र लाल. पुढे इ.स. २००च्या आसपास ईलियन या रोमन लेखकाने हेच वर्णन वाढवलं: पंख पांढरे, मान गडद निळी, डोळे आगीसारखे.

ग्रिफिनला रंग सांगणारा इतका नेमका मजकूर हाताशी असताना सोनेरी कशाला फासायचा? आणि ज्या देशातला म्हणून तो सांगितला, त्या देशातल्या मुलांनी एकदा तरी त्याला त्या रंगात बघावं, अशी मला मनापासून इच्छा होती. क्तेसियसच्या वर्णनात पुढचे पायही सिंहाचेच आहेत, पण माझे गरुडाचे पाय झाले होते आणि ते मी बदलले नाहीत. फलकावर तसं लिहिलंय.

काळ्या पोस्टर रंगावर वॉर्निश मारल्यावर पांढुरके डाग आले, कारण आतला दमट कागद वॉर्निशखाली घुसमटला. ॲक्रिलिक काळा आणून पुन्हा दिला, आणि वॉर्निशच्या आधी पूर्ण दोन दिवस बल्बखाली ठेवला. काळ्यात थोडा निळा मिसळला तर पिसांच्या कडा उजेडात कावळ्याच्या पंखासारख्या चमकतात. नुसता काळा मेलेला दिसतो. रंग आणि वॉर्निश मिळून १,३४०.

२८ जुलै, सोमवार

कान. प्राणी पूर्ण झाला, आणि समोरून बघितला तर तो गरुड होता. नुसता गरुड. मागचं सिंहाचं धड समोरून दिसत नाही, त्यामुळे ओळख पटवणारी खूण डोक्यावरच लागते. ती खूण म्हणजे कान, आणि ते मी ८ जूनला गाळले होते.

इ.स.पू. ७व्या शतकात ग्रीक लोक देवळांत मोठ्या ब्राँझच्या कढया वाहायचे, त्यांच्या काठावर ग्रिफिनच्या मुंड्या बसवलेल्या असत. ऑलिम्पियात आणि सामोस बेटावर त्या पुष्कळ सापडल्या आहेत. बघाल तर ताठ लांब कान, उघडी चोच, आत वळलेली जीभ. रोमन लेखक प्लिनीने ग्रिफिन ही बनावट गोष्ट आहे असं म्हटलं, पण वर्णन करताना कान आणि बाकदार चोच दोन्ही सांगितलं. ज्याचा विश्वास नाही त्यालाही कान माहीत होते.

पत्रिकेच्या कागदाचे दुहेरी कान केले, आत तार, वर लगदा. डोक्याला भोकं पाडावी लागली, दहा-बारा पिसं गेली. चोचही थोडी कापून उघडली आणि लाल जीभ घातली. दोन दिवस गेले, पण आता समोरून कुणी त्याला गरुड म्हणणार नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

फलक. इथे शब्दाने जेवढं छळलं तेवढं लगद्याने नाही.

पहिला फलक छापायला दिला (३५० रुपये). दुकानातल्या मुलाने मजकूर कॉम्प्युटरवर घेताना शुद्धलेखन आपोआप ‘सुधारलं’ गेलं, आणि मथळा आला ‘ग्रिफॉन’. शेजारी त्याने इंटरनेटवरून फोटो टाकला, तो गिधाडाचा. चूक समजण्यासारखी आहे, कारण ग्रिफॉन नावाची गिधाडं खरोखर आहेत, हिमालयातही आहेत, आणि नाव त्याच मुळातून आलेलं आहे. पण फलक वाया गेला. मीही छापण्याआधी नमुना बघायला हवा होता.

मराठी नाव काय द्यायचं? ‘गरुडसिंह’ सुचवला गेला. मी नको म्हटलं. आपल्याकडे गरुड म्हटलं की हात जोडलेला, विष्णूचा गरुड डोळ्यांपुढे येतो, आणि मुलं मग ग्रिफिनला त्याच गोष्टीत बसवतात. ‘शरभ’ हेही नाव आलं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतात, कधी पंखवालेही. पण शरभाचं तोंड चोचीचं नसतं, आणि तो पंजाखाली हत्ती दाबून धरतो. ईलियनचा ग्रिफिन बाकी सगळ्या जनावरांना भारी पडतो, फक्त सिंह आणि हत्ती यांच्या वाटेला जात नाही. एवढा फरक असताना एकाचं नाव दुसऱ्याला देणं दोघांवरही अन्याय आहे. म्हणून मथळा सरळ ‘ग्रिफिन’.

खाली व्युत्पत्ती लिहिली: ग्रीक ‘ग्रुप्स’, त्यावरून लॅटिन, मग जुनी फ्रेंच, मग इंग्रजी. ग्रीकमध्ये ‘ग्रुपोस’ म्हणजे बाकदार. चोचीवरून नाव पडलं असावं असं एक मत आहे, आणि हा शब्द ग्रीकांनी पूर्वेकडच्या एखाद्या भाषेतून घेतला असं दुसरं. भाचीने कच्चा मजकूर वाचला आणि विचारलं, “मावशी, कुठले ग्रुप्स?” खरंच की! देवनागरीत तो व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला होता. ‘ग्र्युप्स’ असं केलं. मूळ उच्चारालाही ते जवळचं आहे.

आणखी दोन ओळी मुद्दाम घातल्या. कंपनी सरकारच्या काळात विलायतेहून नुकत्याच आलेल्या, इथली रीतभात न कळणाऱ्या साहेबाला पहिलं वर्षभर त्याचे जुने सोबती ‘ग्रिफिन’ म्हणत. आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून करून घेणारे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स, त्यांच्या आडनावाचा या प्राण्याशी संबंध नाही. ते वेल्श ‘ग्रिफिद’ या नावावरून आलेलं आहे. हे लिहिलं, कारण माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने तसं विचारलं होतं.

दुसरा फलक पुन्हा ३५०. नमुना तीनदा वाचला.

५ ऑगस्ट, मंगळवार

ग्रिफिनशेजारी लावायचा एक अख्खा तक्ता रद्द केला. त्यात मंगोलियातल्या प्रोटोसेराटॉप्स या चोचवाल्या, चार पायांच्या डायनासोरची गोष्ट होती: त्याचे जीवाश्म बघून सोनं शोधणाऱ्या शक (सिथियन) लोकांना ग्रिफिन सुचला, असं एड्रियन मेयर या अमेरिकन अभ्यासिकेने मांडलेलं आहे. मुलांना फार आवडली असती, आणि चित्रंही रंगवून झाली होती. पण २०२४ साली मार्क विटन आणि रिचर्ड हिंग या जीवाश्मांच्या अभ्यासकांनी हे तपासून खोडून काढलं. सोन्याच्या खाणी त्या जीवाश्मांपासून शेकडो किलोमीटर लांब आहेत. शिवाय इराणात सुसाच्या मुद्रांवर ग्रिफिनसारखे प्राणी इ.स.पू. ३०००च्याही आधी दिसतात, ग्रीकांची आणि शकांची गाठ पडण्याच्या कितीतरी आधी. आवडते म्हणून गोष्ट लावून ठेवणं मला जमलं नाही. दोन दिवसांचं काम गुंडाळून माळ्यावर टाकलं.

त्या जागी शकांच्या सोन्याचं चित्र काढलं. युक्रेनमध्ये तोवस्ता मोहिला या टेकाडात १९७१ साली बोरिस मोझोलेव्स्की यांना सापडलेला गळ्यातला अलंकार, किलोभराहून जास्त सोन्याचा, इ.स.पू. ४थ्या शतकातला. वरच्या ओळीत माणसं मेंढरांचं दूध काढतायत, कातडं शिवतायत; खालच्या ओळीत ग्रिफिन घोड्यांना फाडतायत.

९ ऑगस्ट, शनिवार

पायाशी काय ठेवायचं हा प्रश्न राहिला होता. वाचनालयाच्या बैठकीत सगळ्यांचं म्हणणं, सोन्याची नाणी. ग्रिफिन सोनं राखतो हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसपासून सगळे सांगतात: उत्तरेकडे एकडोळे अरिमास्पी लोक ग्रिफिनांचं सोनं पळवतात.

पण ईलियनमध्ये एक वाक्य आहे, ज्याच्यापाशी मी दोन दिवस घुटमळत होते. बॅक्ट्रियाचे (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचे) लोक म्हणतात, ग्रिफिन सोन्याचे राखणदार आहेत, सोनं उकरून त्याची घरटी विणतात. भारतीय लोक म्हणतात, छे, त्यांना सोन्याचं काय करायचंय! आम्ही सोनं गोळा करायला जातो, तेव्हा त्यांना पिलांची भीती वाटते, म्हणून ते आमच्यावर धावून येतात.

ते भारतीय कोण, कुठले, ते कधी कळणार नाही. पण हे वाक्य वाचल्यापासून मला नाणी ठेवाविशी वाटेनात. आईच्या जुन्या साडीचे जरीकाठ उसवले, काडक्यांबरोबर विणून फूटभर रुंदीचं घरटं केलं. उरलेल्या लगद्याची दोन पिलं, मुठीएवढी. त्यांना पिसं नाहीत, नुसती कापसाची लव, चोच मऊ आणि कान अजून लोंबलेले. ग्रिफिनची मान मुळात सरळ समोर होती. ती आता वळवता येत नव्हती, म्हणून घरटंच दोन्ही पुढच्या पायांच्या मधे सरकवलं. नजर दारावर, पिलं पायांत. कालपर्यंत तो नुसता उभा होता, आज राखण करतोय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टेंपोतून नेला, ताडपत्रीखाली, पंख जुन्या उशांमधे. काही मोडलं नाही. टेंपो नानांच्या पुतण्याचा, पैसे घेतले नाहीत.

हिशेब: प्लाय ४२०, सळ्या आणि वेल्डिंग ९५०, दुसऱ्यांदा वेल्डिंग ४००, जाळी ३६०, फेव्हिकॉल ६२०, खडू पावडर १५०, मैदा-मोरचूद-मेथी-बोरिक २४०, बल्बचं १७०, एमसील १६०, ताग १८०, रंग १,३४०, दोन फलक ७००. एकूण ५,६९०. त्यातले ७५० निव्वळ चुकांचे, आणि वरचे ६९० माझे गेले. म्हणजे चुका टाळल्या असत्या तर ५,००० मधे बसत होतं. वेळ: ६७ दिवस. पहिली बैठक, बुरशी, उलटी पिसं, कान आणि तक्ता धरून त्यातले किमान वीस दिवस परत केलेल्या कामाचे.

२४ ऑगस्ट, रविवार

डावा कान तुटला. पोरं त्याला हात लावणार हे माहीत होतं आणि लावू द्या असं मीच सांगितलं होतं, पण ती कानच धरतात हे लक्षात आलं नव्हतं. आतली तार लगद्यातून सरकून बाहेर आली होती. या वेळी तार डोक्याच्या भोकातून आत नेऊन जाळीला पीळ दिला, वरून सुतळी गुंडाळली, मग फेव्हिकॉल, मग लगदा पाव इंच. उजव्या कानालाही तसंच केलं, तो अजून तुटला नसला तरी. पिसं लावायची बाकी आहेत. गणपती तीन दिवसांवर आलेत, नानांकडे काळा रंग उसना मागायला जायची ही वेळ नाही. चतुर्थी झाल्यावर लावीन.

एका पिलाच्या अंगावरची लव बोटं फिरवून फिरवून पार गेलीय. त्याला पुन्हा कापूस लावला.